दुखते कोठे, हे सांगता येत नाही तेव्हा

समजा, आपल्या वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. दिवाळीपर्यंत तो चांगला रुळला होता. गेल्या आठवड्यापासून मात्र तो खिचडीला हात लावत नाही, कानशिलावर हाताने मारून घेतो आणि जवळ येणाऱ्याला चावतो. अशा वेळी शिक्षकखोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते, 'स्वमग्न मुले अशी वागायचीच.' खरे तर किडलेली दाढ, फुटलेला कान किंवा चार दिवस साफ न झालेले पोट, यांपैकी काहीही या वाक्याआड दडलेले असू शकते. अंगभूत वेगळेपणाच्या नावाखाली साधा, बरा होणारा आजार नजरेतून निसटतो. असे का होते आणि शाळेला त्यात काय करता येते, ते पाहू.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे. तो लहानपणापासून असतो आणि आयुष्यभर सोबत राहतो. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणांवरून त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. यातली काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही भरभरून बोलतात. परंतु बोलणाऱ्या मुलालाही 'माझे पोट दुखते' हे सांगता येईलच असे नाही.

हे छोटे वाक्य तयार होण्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागतात. पोटातली संवेदना मेंदूपर्यंत पोचली पाहिजे. ती भूक नसून वेदना आहे आणि ती पोटातच आहे, हे ओळखता आले पाहिजे. शेवटी, समोरच्या माणसाला आपले दुखणे ठाऊक नाही, ते आपण सांगायला हवे, हे उमगले पाहिजे. शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदनांना आंतरसंवेदना म्हणतात. मेंदूतील इन्सुला नावाचा भाग त्यांचा अर्थ लावण्यात मोठा वाटा उचलतो. अनेक स्वमग्न व्यक्तींना या संवेदना अंधूक जाणवतात किंवा एकमेकींत मिसळलेल्या वाटतात. या मुलांना दुखतच नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. वेदना असते, ती दाखवण्याची रीत वेगळी असते. कुणी रडण्याऐवजी हसते, कुणी पोट बाकाच्या कडेवर दाबून धरते, कुणी नुसतेच गप्प होते.

स्वमग्न मुलांत काही तक्रारी इतरांपेक्षा अधिक आढळतात. बद्धकोष्ठ आणि अपुरी झोप या त्यांतल्या नेहमीच्या. अपस्माराचे प्रमाणही जास्त असते. मूल एकटक पाहत राहिले, हाक मारून किंवा खांद्याला स्पर्श करूनही भानावर आले नाही, तर ती 'तंद्री' नसून झटका असू शकतो. दात घासताना ब्रशचा स्पर्श सहन न झाल्याने दात किडतात. काही मुले मोजके तीन-चार पदार्थच खातात. त्यात फळे-भाज्या मुळीच नसतील तर 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही होऊन पाय दुखतात आणि मूल चालायलाच नकार देते. हा नकार हट्ट समजला गेला, तर उपचार लांबतात.

मग ओळखायचे कसे? आम्ही प्रयोगशाळेत जे करतो तेच येथे उपयोगी पडते: अंदाज बांधण्याआधी नोंद. एका वहीत चार रकाने आखावेत. वेळ, आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले. दहा दिवसांच्या नोंदी पुरेशा बोलक्या होतात. त्रास लेझीमच्या सरावालाच होत असेल, तर कारण बहुधा आवाजात आहे. गणिताच्या तासालाच होत असेल, तर कारण अभ्यासात शोधावे. जेवणानंतर होत असेल, तर दात किंवा पोट पाहावे. पालकांना रविवारची नोंद अवश्य विचारावी. शाळा नसतानाही, कोणत्याही वेळी त्रास होत असेल, तर शरीराकडे संशयाने पाहिले पाहिजे. नेहमीच्या वागण्यात अचानक पडलेला फरक दिसला, की वही पूर्ण होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे पाठवावे.

दवाखाना हा पुढचा अडथळा. औषधांचा वास, गर्दी, अनोळखी स्पर्श आणि पुढे काय होणार याची कल्पना नसणे, हे सारे एकदम अंगावर येते. यासाठी वर्गात तयारी करता येते. रांग, खुर्ची, स्टेथोस्कोप, घर अशी चित्रे क्रमाने लावून दाखवावीत. खेळण्यातला स्टेथोस्कोप सर्वांनी एकमेकांच्या छातीला लावून पाहावा. माणसाच्या आकृतीवर दुखरी जागा बोटाने दाखवण्याचा खेळ घ्यावा. चित्रांच्या वापराने मुलाचे बोलणे मागे पडते, अशी भीती काही पालकांना वाटते. अभ्यासांत तसे आढळलेले नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत येते. या मुलाला शांत खोलीत, गर्दी नसताना तपासा, असे पथकाला आधीच सांगावे आणि वही त्यांच्या हाती द्यावी. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत.

कायद्याचाही आधार आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. या कायद्याच्या २५ व्या कलमात तपासणी व उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. त्यामुळे रांगेत पुढे जाऊ देण्याची विनंती करताना पालकांनी संकोच बाळगू नये. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते काढण्यास पालकांना शाळेने मदत करावी.

डॉक्टरांना मूल दहा मिनिटे दिसते, तेही घाबरलेले. आपल्याला ते रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी दिसते. ते नेहमी कसे असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणूनच बदल प्रथम आपल्या लक्षात येतो. तो तारखेसह लिहून ठेवला, तर मुलाला सांगता न आलेले दुखणे डॉक्टरांपर्यंत पोचते.