काळ्या मातीतील पाया आणि शंकूची चाचणी

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव काळ्या मातीच्या आणि कापसाच्या मुलखात वसलेले आहे. या भागात घरबांधणीचा हंगाम म्हणजे उन्हाळा. शेतीची कामे उरकलेली असतात, गवंडी व मजूर मिळतात, विटा-वाळूची वाहने कच्च्या रस्त्यांवरून सहज येतात. पायासाठी चर खणू लागावे तर जमीन दगडासारखी कठीण लागते. पहार मारली तरी ढेकूळ निघत नाही. साहजिकच ‘जमीन घट्ट आहे, दोन-तीन फूट पुरे’ असा निर्णय होतो. त्यानंतर काही पावसाळे जातात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग भिंतीवर चढू लागते, दार चौकटीत अडकते, जमिनीची फरशी फुगते. आयुष्यभराची पुंजी ज्या घरात घातली, त्या घराची डागडुजी दरवर्षी करणे कुटुंबाच्या नशिबी येते. दोष बहुधा सिमेंटला किंवा गवंड्याला दिला जातो. वास्तविक दोष जमिनीच्या परीक्षेत असतो. ती परीक्षा कशी करावी आणि तिचा अर्थ कसा लावावा, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

विदर्भाच्या पश्चिम व दक्षिण भागातील काळी माती ही दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यात ‘मॉन्टमोरिलोनाइट’ नावाचे चिकणमातीचे खनिज विपुल असते. या खनिजाचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे बनलेले असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी आटले की माती आक्रसते आणि जमिनीला खोल भेगा पडतात. ही हालचाल पृष्ठभागाजवळ सर्वाधिक असते. खाली जावे तसतशी ती कमी होत जाते आणि साधारणपणे तीन-साडेतीन मीटरच्या खाली ओलाव्यात ऋतुमानाप्रमाणे फारसा फरक पडत नाही. पुष्कळ ठिकाणी त्याच्या आतच मुरूम लागतो. परंतु तो किती खोलीवर लागेल हे एकाच गावातही जागोजागी बदलते. नदी-नाल्याच्या काठी मातीचा थर जाड असतो, तर चढावर तो हातभरही नसतो.

जमिनीत पहार घालून ती किती सहज जाते हे पाहण्याची रीत फार जुनी आहे. ‘कोन पेनेट्रेशन टेस्ट’ म्हणजेच शंकूची चाचणी ही त्याच रीतीची शास्त्रशुद्ध व मोजमापाची आवृत्ती होय. पोलादी दांड्यांच्या टोकाला एक शंकू बसविलेला असतो. त्याच्या टोकाचा कोन ६० अंशांचा, तळाचा व्यास ३५.७ मिलिमीटर आणि तळाचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर असते. यंत्राच्या दाबाने तो सेकंदाला २ सेंटिमीटर या संथ व समान गतीने जमिनीत घातला जातो. टोकाला होणारा विरोध मोजला जातो. त्याच्या मागे बसविलेल्या नळीवर होणारे घर्षण वेगळे मोजले जाते. वाळूमध्ये टोकाचा विरोध मोठा आणि त्या मानाने घर्षण थोडे असते. चिकणमातीत याच्या उलट असते. त्यामुळे मातीचा नमुना वर न काढताही खाली कोणता थर कोठे सुरू होतो व कोठे संपतो, याचा सलग आलेख मिळतो.

या चाचणीचा उगम नेदरलँड्समध्ये झाला. तो देश मऊ माती आणि पीट यांवर उभा आहे. १३ सप्टेंबर १९१८ रोजी वेस्प गावाजवळ पावसाने भिजलेला रेल्वेचा भराव घसरला आणि आगगाडी खाली कोसळून ४१ जण मृत्युमुखी पडले. जमिनीच्या बळाचा पद्धतशीर अभ्यास झाला पाहिजे, ही जाणीव त्या दुर्घटनेने त्या देशात तीव्र केली. १९३२ साली बारेंटसेन या अभियंत्याने शंकूची चाचणी प्रचारात आणली आणि १९३४ साली डेल्फ्ट येथे मृदाबलशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली. घर्षण मोजणाऱ्या नळीची भर बेगेमान यांनी १९५३ मध्ये घातली. भारतात या चाचण्यांसाठी भारतीय मानक ४९६८ हे तीन भागांत उपलब्ध आहे. त्यातील तिसरा भाग वर सांगितलेल्या संथ दाबाच्या चाचणीविषयी आहे. पहिल्या दोन भागांत ठोक्यांची चाचणी दिली आहे. तिच्यात ६५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकतात आणि शंकू ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागले ते मोजतात. हिला अवजड यंत्र लागत नसल्यामुळे ती खेडोपाडी करता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शंकू जे सांगतो ते त्या दिवसाच्या जमिनीविषयी असते. मऊ सागरी चिकणमातीत, उदाहरणार्थ मुंबईच्या खाडीकाठी, माती बाराही महिने पाण्याने भरलेली असते. तेथे आजचे मोजमाप उद्याही लागू पडते. काळ्या मातीचे तसे नाही. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मे महिन्यात दीड मीटर खोलीवर शंकूला दर चौरस सेंटिमीटरला १५ किलो विरोध झाला, आणि त्याच जागी सप्टेंबरमध्ये ४ किलो झाला. वरच्या मातीचा भार वजा करून उरलेल्या आकड्याला साधारण १५ ने भागले की चिकणमातीची ताकद मिळते, आणि तिच्या सुमारे दुप्पट भार सुरक्षित मानता येतो, असा एक ढोबळ आडाखा आहे. त्या हिशेबाने मे महिन्यात चौरस मीटरला सुमारे २० टन भार चालेल असे दिसते. सप्टेंबरमध्ये मात्र केवळ ५ टन. शिवाय हा आडाखा ओल्या, पाण्याने भरलेल्या चिकणमातीसाठी आहे. कोरड्या भेगाळ मातीला तो लावणे मुळातच योग्य नव्हे. उन्हाळ्यातील मोठा आकडा हा मातीच्या कोरडेपणाचा आकडा असतो. त्याच्या भरवशावर पाया आखणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट अशी की शंकू मातीचे बळ मोजतो, तिचे फुगणे मोजत नाही. आणि काळ्या मातीत लहान घराला खचण्याइतकाच फुगण्याचा धोका असतो. उंच इमारतीचे वजन फुगणाऱ्या मातीला दाबून धरू शकते. एकमजली घर तेवढे जड नसते, म्हणून माती त्यालाच उचलते. तेही सगळीकडून सारखे नव्हे. घराखालची मधली माती ओलावा टिकवून धरते, कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते. तिरप्या भेगा पडतात त्या यामुळे.

फुगण्याची परीक्षा अगदी सोपी आहे. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती मोजपात्रात पाण्यात टाकतात आणि तेवढीच दुसऱ्या पात्रात रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींचे आकारमान पाहतात. पाण्यातील माती रॉकेलमधील मातीच्या दुप्पट भरली, तर फुगण्याचे प्रमाण १०० टक्के झाले. प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेले की सावध व्हावे आणि १०० टक्क्यांच्या वर असेल तर साध्या उथळ पायाचा विचार सोडावा. शंकूची चाचणी व ही चाचणी एकमेकींना पूरक आहेत. पहिली मुरूम किती खोलीवर आहे ते सांगते, कारण तेथे शंकू अडतो. दुसरी वरच्या मातीवर किती विश्वास ठेवावा ते सांगते. मात्र शंकू एखाद्या सुट्या दगडावरही अडतो. म्हणून जागेच्या दोन-तीन ठिकाणी तरी चाचणी घ्यावी आणि निदान एक खड्डा प्रत्यक्ष खणून मुरूम डोळ्यांनी पाहावा.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यात घर बांधणारा मनुष्य आधी खोल खणतो आणि मग खडकावर पाया घालतो. मुरूम जवळ असेल तेथे हाच उपाय सर्वोत्तम. तो खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले खांब घालता येतात. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात, कंदाचा व्यास खांबाच्या अडीचपट असतो, आणि त्यांना जोडणारी तुळई जमिनीपासून थोडी मोकळी ठेवतात, म्हणजे फुगणारी माती तिला ढकलू शकत नाही. मुंबईच्या आयआयटीमधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर काळ्या मातीवर दाबून बसविण्याची पद्धत विकसित केली. योग्य प्रतीचा मुरूम या कामी येतो.

प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतील घर किमान २५ चौरस मीटरचे असते आणि पैसा मोजकाच असतो. अशा घरमालकाला स्वतंत्र यंत्रचाचणी परवडणार नाही, हे खरे. परंतु एका वस्तीत अनेक घरे होणार असतील तर ग्रामपंचायतीने सर्वांसाठी मिळून चाचणी करून घेणे अवघड नाही. शाळा, दवाखाना, सभागृह किंवा प्रार्थनामंदिर बांधताना तर समितीने मातीचा अहवाल मागितलाच पाहिजे. त्यात चाचणी कोणत्या महिन्यात झाली, त्या वेळी मातीत ओलावा किती होता, फुगण्याचे प्रमाण किती आले आणि मुरूम किती खोलीवर लागला, हे चार प्रश्न पाहावेत. आणि घर कोणाचेही असो, पायाच्या चरात काढलेली काळी माती पुन्हा न भरता मुरूम भरावा, घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला फरसबंद पट्टा करावा, न्हाणीचे व छपराचे पाणी पायापासून दूर न्यावे आणि मोठी झाडे भिंतीपासून लांब लावावीत. यासाठी यंत्र लागत नाही, आणि पहिला पावसाळा येण्यापूर्वी ही कामे करून घेता येतात.