किमतीच्या पोटात – भाग ११ : नाताळची बाटली, रास्त दरात

डिसेंबर लागला की इंग्लंडमधली वर्तमानपत्रं सुपरमार्केटमधल्या स्वस्त आणि चांगल्या वाईनच्या आणि एल नावाच्या बिअरच्या याद्या छापू लागतात. टेस्कोत अमुक घ्या, आल्डीत तमुक. नगरच्या वाचकाला ती यादी काहीच कामाची नाही, कारण आपल्याकडे सुपरमार्केटमध्ये तूरडाळीपासून शाम्पूपर्यंत सगळं मिळतं, पण वाईन मिळत नाही. खरं तर ती मिळायला लागणारच होती.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं शंभर चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये आणि किराणा दालनांत वाईन ठेवायला मंजुरी दिली. ‘शेल्फ इन शॉप’ अशी ती योजना होती: सव्वादोन घनमीटरचं कुलूपबंद कपाट, वर्षाला पाच हजार रुपये परवाना शुल्क, शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून ठरावीक अंतर, आणि दारूबंदीच्या जिल्ह्यांत अर्थातच मनाई. द्राक्ष बागायतदाराला चार पैसे मिळतील हे सरकारचं कारण. वाईन म्हणजे दारू नव्हे, असाही युक्तिवाद तेव्हा झाला. बाटलीवर साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोल छापलेलं असताना तो टिकणं कठीणच होतं.

विरोध राज्यभर झाला, पण त्याचा मोठा आवाज आपल्याच जिल्ह्यातून उठला. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला. लोकांच्या हरकती-सूचना मागवूनच पुढं जाऊ, असं सरकारनं सांगितल्यावर उपोषण स्थगित झालं आणि निर्णयही तिथंच अडकला. दारूच्या भट्ट्या बंद करून सावरलेल्या गावानं हे बोलावं यात नवल नाही. ज्या जिल्ह्यात बाया मतदानानं बाटली आडवी करतात, तिथं किराण्याच्या शेजारी बाटली उभी करणं सोपं नव्हतंच. तरी ग्राहक म्हणून आपलं एक नुकसान झालं: थंड, उजेडाच्या जागी लेबल निवांत वाचून बाटली निवडण्याची सोय हुकली. चांगला माल रास्त दरात मिळणं हे बरंचसं त्या निवांतपणावर असतं.

आता उरलं वाईन शॉप. नाव वाईनचं असलं तरी तिथला बहुतेक धंदा व्हिस्की, रम आणि बिअरचा. काउंटरला जाळी, पुढं रांग, मागून धक्का. अशा ठिकाणी ‘शिराझ दाखवा, वर्ष कोणतं आहे?’ असं विचारणाऱ्याकडे लोक वळून बघतात. त्यापेक्षा बिअर शॉपी बरी. तिच्या परवान्यात बिअरबरोबर वाईनही बसते, गर्दी कमी असते, आणि मुख्य म्हणजे तिथं मोठे फ्रिज असतात. कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना हवा, हेही जाता जाता सांगतो: एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, आजन्म हजाराला.

फ्रिजचा उल्लेख उगाच केलेला नाही. वाईनच्या किमतीबद्दल पुस्तकं द्राक्षाची जात, माती, ओकची पिंपं असं बरंच सांगतात. नगरमध्ये या सगळ्याआधी एकच प्रश्न विचारावा: ही बाटली मे महिन्यात कुठं उभी होती? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या गोदामात किंवा उन्हाकडे तोंड असलेल्या फळीवर वाईन महिना-दोन महिने राहिली, तर तिच्यातला फळाचा वास जातो आणि शिजवल्यासारखी चव येते. आतला द्रव फुगून बूच वर सरकतं, कडेनं गळतं. म्हणून बूच तोंडाच्या वर आलेलं, मानेवर चिकट ओघळ वाळलेला, किंवा पांढरी वाईन तपकिरीकडे झुकलेली दिसली की बाटली परत ठेवावी, मग ती कितीही नावाजलेली असो. महागडी पण तापलेली बाटली घेण्यापेक्षा साधी पण थंडाव्यात राहिलेली केव्हाही चांगली.

दुसरी नजर तारखेवर. युरोपात द्राक्षतोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. त्यामुळे नाताळात मिळणारी नाशिकची त्याच वर्षाची शेनँ ब्लाँ किंवा सॉव्हिन्यॉ ब्लाँ जेमतेम नऊ-दहा महिन्यांची असते, आणि या स्वस्त पांढऱ्या वाईनचं ते ऐन वय. जुनी म्हणजे चांगली ही समजूत मोजक्या, महागड्या, नीट साठवलेल्या वाईनपुरती खरी. परवडणाऱ्या दरातली पांढरी वाईन शक्यतो त्याच वर्षाची घ्यावी, लाल फार तर दोन-तीन वर्षांची. लेबलवर द्राक्षाचं वर्ष नसेल तर बाटलीबंद केल्याचा महिना पाहावा. फिरकीचं झाकण दिसलं म्हणून नाक मुरडू नये. आपल्या हवेत ते बुचापेक्षा भरवशाचं.

परदेशी बाटलीचा मोह पडतोच. पण तिच्या किमतीत वाईन किती आणि कर किती हे पाहा. परदेशी वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क राहिलं. शंभर रुपयांच्या मालाचे बंदरातच अडीचशे झाले, वर राज्याचे कर आणि दुकानदाराचा नफा. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानं डिसेंबर २०२२पासून तिथल्या पाच डॉलरवरच्या बाटल्यांना थोडी सवलत मिळाली, अगदी स्वस्त बाटल्यांना नाही. म्हणजे नगरच्या फळीवरची सर्वांत स्वस्त परदेशी वाईन तिच्या गावी बहुधा अगदी मामुली असते. उलट महाराष्ट्रानं २००१च्या धोरणापासून राज्यातल्या द्राक्षाच्या वाईनला करात बरंच सांभाळून घेतलं आहे. तेवढ्याच पैशात नाशिकची सुला किंवा यॉर्क, अकलूजची फ्रातेल्ली जास्त वाईन आणि कमी कर देते. संगमनेर-कोपरगावच्या मंडळींना तर नाशिक जवळ आहे. तिथं चाखून घेता येतं.

मात्र लेबलवर ‘पोर्ट’ लिहिलेल्या गोड लाल बाटल्या वेगळ्या. पोर्तुगालच्या पोर्टशी त्यांचं नातं बहुतेक नावापुरतं. स्वस्त असतात, जेवणाबरोबर जड होतात, केकबरोबर चालतात.

आता नगरचा नाताळ. अमेरिकन मराठी मिशन १८३१मध्ये इथं आलं. त्या मिशनरी मंडळींचा कल मद्यनिषेधाकडे होता, त्यामुळे पुष्कळ प्रोटेस्टंट घरांत बाटलीला जागा नव्हती आणि अजूनही नाही. कॅथलिकांच्या मिस्सेला मात्र द्राक्षाची खरीखुरी वाईनच लागते. धार्मिक विधीसाठी आपल्या दारूबंदी कायद्यातही तशी मुभा आहे. दोन्हीकडे समान आहे तो फराळ. करंजी, शंकरपाळी, अनारसे, चकली आणि दुपारी मटण, बिर्याणी. इंग्रजी याद्या टर्कीबरोबर काय प्यावं ते सांगतात. करंजीचं आपल्यालाच ठरवावं लागतं.

नियम एवढाच, की गोड पदार्थापेक्षा वाईन कमी गोड असली की ती आंबट लागते. म्हणून करंजी-अनारशाला चांगली गोड शेनँ ब्लाँ. चकलीच्या तेलातिखटाला कोरडी पण फसफसणारी वाईन छान, ती तोंड स्वच्छ करते. काळ्या मसाल्याच्या मटणाला लाल शिराझ. पण तिखट झणझणीत असेल तर जास्त अल्कोहोलची वाईन तो जाळ वाढवते, तिथं थंड, गुलाबी रोझे घ्यावी. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्या म्हणतात ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. नगरला डिसेंबरच्या रात्री तसंही गारठा असतो, पण दुपारच्या पंगतीला बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच.

एलचं थोडक्यात उरकतो, कारण नगरच्या बाजारात ती फारशी नाहीच. एलचं यीस्ट साधारण पंधरा ते चोवीस अंशांत आंबवतं आणि फळांचे वास देतं. बिअरचा दुसरा प्रकार म्हणजे लागर, ती थंडीत, सावकाश होते. शेजारच्या वाळूजहून येणारी बिअर जवळपास सगळी लागर. भिंगारच्या छावणीत गोरे शिपाई असताना हिंदुस्थानात पेल एल अधिकाऱ्यांच्या टेबलावर असे, साध्या शिपायाला काळी पोर्टर मिळे. आज एलच्या घराण्यातलं काही हवं असेल तर होगार्डनसारखी गव्हाची बिअर शोधावी, आणि तारीख वाचून घ्यावी. बिअर सहा महिन्यांत उतरते. कडक बिअर जास्त ‘वसूल’ होते हा हिशेब नशेचा झाला, चवीचा नाही.

शेवटी मापाचं. साडेसातशे मिलिची बाटली चौघांना पुरते, पण घरात दोघंच पिणारे असतील तर ३७५ची घ्यावी. मोठी बाटली दर मिलिला स्वस्त पडते, पण उघडलेली वाईन फ्रिजमध्येही चार-पाच दिवसांत आंबटाकडे जाते, आणि ओतून दिलेली वाईन सर्वांत महाग. लाल उरलीच तर दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि साखर घालून उकळी न आणता गरम करावी. मटणाच्या रश्शात घालायचा प्रयोग करू नये. कांदा-खोबऱ्याच्या वाटणापुढं ती हरते.

पुढच्या आठवड्यात : नाताळचा तारा, कागदी की एलईडी?