चाहत्यांचा कौल : श्रेष्ठ कोण आणि आपला कोण?

क्लबचा आजवरचा सर्वोत्तम खेळाडू कोण, हा प्रश्न फुटबॉलच्या चाहत्याला विचारावा आणि शांतपणे बाजूला बसून राहावे. तासाभराने वाद रंगलेला असतो आणि निर्णय मात्र झालेला नसतो. विजय मर्चंट, सुनील गावसकर की सचिन तेंडुलकर, हा वाद मुंबईच्या कट्ट्यांवर जसा कधी संपत नाही, तशीच ही गत. तरीही युरोपातील मोठे क्लब दर काही वर्षांनी आपल्या चाहत्यांचा कौल घेतात आणि सर्वकालीन आवडत्या खेळाडूंची यादी प्रसिद्ध करतात. या याद्या खेळाडूंच्या गुणवत्तेबद्दल जितके सांगतात, त्याहून अधिक त्या चाहत्यांच्या स्मरणाबद्दल सांगतात.

या दृष्टीने इंग्लंडमधील लिव्हरपूल क्लबचे उदाहरण बोलके आहे. या क्लबने २००६ मध्ये चाहत्यांना आपापले दहा आवडते खेळाडू निवडावयास सांगितले. एक लाख दहा हजारांहून अधिक चाहत्यांनी मते नोंदविली आणि त्यांतून शंभर नावांची क्रमवारी तयार झाली. पहिला क्रमांक मिळाला केनी डाल्ग्लिशला. दुसरा आला त्या वेळचा कर्णधार स्टीव्हन जेरार्ड.

आकड्यांपलीकडचा डाल्ग्लिश

केवळ आकडे पाहिले, तर डाल्ग्लिशची निवड थोडी कोड्यात टाकते. लिव्हरपूलसाठी त्याने ५१५ सामन्यांत १७२ गोल केले. त्याचा सहकारी इयान रश याच्या नावावर ३४६ गोल आहेत आणि क्लबच्या इतिहासातील तो विक्रम आहे. सर्वाधिक सामन्यांचा विक्रम इयान कॅलाहनचा, तब्बल ८५७ सामन्यांचा. मग पहिला मान डाल्ग्लिशला का?

याचे एक उत्तर मैदानावर सापडते. १९७७ मध्ये केव्हिन कीगन जर्मनीत गेला, तेव्हा त्याची जागा भरून काढण्यासाठी डाल्ग्लिशला सेल्टिककडून ४ लाख ४० हजार पौंडांना आणण्यात आले. लोकप्रिय खेळाडूचा वारस होणे सोपे नसते. पुढच्याच वर्षी वेम्बली येथे ब्रुज क्लबविरुद्धच्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने एकमेव गोल केला आणि कीगनची उणीव जाणवेनाशी झाली. १९८५ मध्ये तो खेळाडू असतानाच व्यवस्थापकही झाला आणि पहिल्याच हंगामात संघाने लीग व एफए चषक अशी दुहेरी कामगिरी केली. लीग विजेतेपद निश्चित करणारा चेल्सीविरुद्धचा गोलही त्याचाच होता.

दुसरे उत्तर मैदानाबाहेर आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या चाहत्यांचा बळी गेला. मृतांची संख्या ९६ होती. २०२१ मध्ये एका जखमीच्या मृत्यूनंतर ती ९७ झाली. त्या दिवसांत व्यवस्थापक असलेला डाल्ग्लिश शोकाकुल कुटुंबांच्या घरी गेला, अंत्यविधींना उपस्थित राहिला. एका दिवशी तर चार अंत्यविधींना. मानसिक ताण असह्य होऊन त्याने फेब्रुवारी १९९१ मध्ये पद सोडले. २००६ च्या कौलात मत देणाऱ्या अनेकांच्या मनात १९७८ चा गोल असेल, तसेच १९८९ चे ते दिवसही असतील. मतपत्रिकेवर मात्र दोन्ही एकाच नावाच्या रूपाने उमटतात.

स्मरणाला वयाची मर्यादा

अशा कौलावरील सर्वांत गंभीर आक्षेप काळाचा आहे. ज्याचा खेळ पाहिलेले लोक हयात नाहीत, त्याला मत कोण देणार? लिव्हरपूलची स्थापना १८९२ मधील. १९१२ ते १९३४ या काळात गोलरक्षण करणारा एलिशा स्कॉट त्या पिढीचे दैवत होता. परंतु २००६ मध्ये त्याचा खेळ आठवणारा चाहता ऐंशीच्या घरात असणार आणि संगणकासमोर बसून मत देणारा बहुतांश वर्ग तरुण असणार.

आर्सेनलचा अनुभवही हेच सांगतो. १९३० च्या दशकात या क्लबने पाच वेळा लीग जिंकली. मात्र २००८ मध्ये चाहत्यांनी निवडलेल्या पन्नास खेळाडूंपैकी पहिल्या दहांत त्या संघातील एकही नाही. क्लिफ बॅस्टिनचा १७८ गोलांचा विक्रम १९९७ पर्यंत अबाधित होता, तरी त्यालाही त्या पंक्तीत स्थान मिळाले नाही. पहिला क्रमांक थिएरी ऑन्रीचा आणि दुसरा डेनिस बर्गकँपचा. दोघांचेही कर्तृत्व वादातीत. परंतु त्यांचे गोल दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दिसत होते, ही बाबही दुर्लक्षून चालणार नाही.

असे असूनही लिव्हरपूलच्या यादीत पहिल्या दहांत एक नाव असे आहे, ज्याने १९६१ मध्येच निवृत्ती घेतली होती. ते नाव बिली लिडेल याचे. १९३८ मध्ये क्लबशी करारबद्ध झालेल्या या स्कॉटिश खेळाडूची उमेदीची वर्षे युद्धात गेली. तरी त्याने ५३४ सामन्यांत २२८ गोल केले. फुटबॉलबरोबरच तो हिशेबनिसाची नोकरीही करीत असे. १९५४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, तेव्हाही त्याने साथ सोडली नाही. लोक क्लबला विनोदाने ‘लिडेलपूल’ म्हणत. १९५० मध्ये पंधरा वर्षांचा असलेला चाहता २००६ मध्ये एकाहत्तर वर्षांचा होता. एवढ्या मतांवर लिडेल वर येणे शक्य नव्हते. घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथांनाही मते पडली, असाच याचा अर्थ निघतो.

निष्ठेची किंमत

चाहते खेळाबरोबर निष्ठाही मोजतात. मायकेल ओवेन २००१ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. परंतु २००४ मध्ये तो रेयाल माद्रिदकडे गेला आणि २००६ च्या यादीत पहिल्या दहांत त्याला जागा मिळाली नाही. याउलट लिव्हरपूलच्याच टॉक्सटेथ भागात वाढलेला रॉबी फाउलर २००१ मध्ये क्लब सोडून गेला असला, तरी जानेवारी २००६ मध्ये परतला आणि चाहत्यांनी त्याला वरचे स्थान दिले.

विजेतेपदांचा हिशेबही नेहमी निर्णायक ठरत नाही. चेल्सीच्या चाहत्यांनी २००३ मध्ये जियानफ्रँको झोलाला क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरविले, तेव्हा त्याच्या नावावर चेल्सीसाठी लीगचे एकही विजेतेपद नव्हते. २०१२ मध्ये त्याच क्लबच्या चाहत्यांनी दिदिए द्रोग्बाला हा मान दिला. त्याच वर्षी म्युनिक येथील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधून दिली होती आणि निर्णायक पेनल्टीही मारली होती. झोला नऊ वर्षांत कमी गुणी झाला नव्हता. मत देणारे बदलले होते.

२०१३ मध्ये लिव्हरपूलने पुन्हा कौल घेतला, तेव्हा पहिल्या दोघांनी जागा बदलल्या. जेरार्ड पहिला, डाल्ग्लिश दुसरा. जेरार्डने क्लबसाठी ७१० सामने खेळून २०१५ मध्ये निरोप घेतला, पण लीगचे विजेतेपद त्याच्या वाट्याला आलेच नाही. मात्र २००५ मध्ये इस्तंबूल येथे संघ ०-३ असा पिछाडीवर असताना त्याने केलेला पहिला गोल आणि त्यानंतर मिळालेले युरोपचे विजेतेपद एका संपूर्ण पिढीने जागून पाहिले होते. त्या पिढीसाठी तोच पुरावा पुरेसा ठरला.

मग या याद्यांचा उपयोग काय? क्लबच्या दृष्टीने त्यांतून चर्चा होते, जुन्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या जातात, हा व्यवहाराचा भाग आहे. चाहत्याच्या दृष्टीने पहिला क्रमांक बहुधा आधीच ठरलेला असतो. त्याची खरी परीक्षा आठव्या-नवव्या नावाला होते. तेथे स्वतः पाहिलेला खेळाडू लिहायचा की आजोबांनी सांगितलेला, हे ठरवावे लागते. लिडेलसारखी नावे टिकतात, ती याच जागी कोणीतरी दुसरा पर्याय निवडल्यामुळे.