झेरोडर्मा पिग्मेंटोसम
झेरोडर्मा पिग्मेंटोसम : जंबुपार किरणांनी त्वचेच्या कोशिकांतील (पेशींतील) डीएनएला झालेली इजा दुरुस्त न झाल्याने उद्‌भवणारा दुर्मिळ आनुवंशिक रोग. या किरणांमुळे डीएनएच्या साखळीतील शेजारचे थायमीन घटक एकमेकांस जोडले जातात. निरोगी कोशिकेत एंझाइमे तेवढा तुकडा कापून काढतात व पूरक साखळीबरहुकूम नवा बसवितात. बहुतेक रुग्णांत ही व्यवस्था सदोष असते. जे. ई. क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये हा दोष दाखवून दिला. इजा झालेल्या काही कोशिका मरतात, काहींचे विभाजन कायमचे थांबते. ज्यांचे चालू राहते त्यांत उत्परिवर्तने साचत जाऊन कर्करोग उद्‌भवतो. अनेकदा तो वयाच्या १० वर्षांच्या आतच होतो. रोग समूळ बरा होत नाही. मुलास उन्हापासून कटाक्षाने जपणे हाच मुख्य उपाय होय.