चंद्रावरचा अंगरखा

उंच डोंगरावर डाळ लवकर शिजत नाहीं, हा अनुभव पुष्कळ गृहिणींना असेल. तेथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी थोड्या उष्णतेवरच उकळूं लागतें. असेंच वर वर गेलें तर सुमारें १२ मैल उंचीवर पाणी आपल्या अंगाच्या उष्णतेनेंच उकळेल. चंद्रावर तर हवाच नाहीं. तेथें जाणाऱ्यानें आपलें वातावरण अंगावर घालूनच गेलें पाहिजे.

हें केवळ पुस्तकी भय नव्हे. १९६६ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत ह्यूस्टन येथें निर्वात कोठडींत अशा पोशाखाची परीक्षा चालू असतां आंतील माणसाची नळी निसटली. चौदा-पंधरा सेकंदांत तो बेशुद्ध पडला. जिभेवरची लाळ फसफसूं लागली, हेंच त्याचें शेवटचें स्मरण. कोठडींत हवा सोडतांच तो शुद्धीवर आला, हें त्याचें दैव!

मग पोशाखांत हवा भरली कीं झालें, असें कोणी म्हणेल. पण सायकलची ट्यूब फुगवा आणि मग ती वाकवून पाहा. १८ मार्च १९६५ रोजीं सोव्हिएट वीर अलेक्सेय लिओनोव यानाबाहेर पडले, तों पोशाख फुगून ताठ झाला व परत आंत शिरतां येईना. झडप उघडून थोडा वायु सोडला तेव्हां सुटका झाली. म्हणून दाब बेताचाच ठेवावयाचा. समुद्रकांठीं दर चौरस इंचास १४.७ पौंड दाब असतो. अपोलोच्या पोशाखांत अवघा ३.७ पौंड ठेवीत. मग श्वासाचें काय? आपल्या हवेंत प्राणवायु पंचमांशच असतो. पोशाखांत निव्वळ प्राणवायु भरल्यानें एवढ्यावर भागतें. कोपर व गुडघे यांच्या जागीं रबराच्या भात्यासारख्या घड्या केलेल्या असत, म्हणजे सांधा वाकला तरी आंतली पोकळी तेवढीच राही.

आणि हा पोशाख शिवला कोणीं? डेलावेअर संस्थानांतील डोव्हर येथील, स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांबद्दल प्रसिद्ध असलेल्या कंपनीच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनीं! मला तर या साऱ्या हकीकतींत हाच भाग अधिक मनोहर वाटतो. एक टांचणी आंत राहिली तरी प्राणाशीं गांठ. म्हणून पोशाखाची क्ष-किरणांनीं तपासणी होई.

एक शत्रु मात्र कोठडींत पुरता कळला नव्हता, तो म्हणजे चंद्रावरची धूळ. वारा-पाण्यानें न झिजलेली, काचेच्या चुऱ्यासारखी धारदार! १९७२ मध्यें अपोलो १७ चे दोघे प्रवासी तीन फेऱ्यांत मिळून सुमारें २२ तास तींत वावरले. पोशाख काजळीनें माखल्यासारखे झाले, सांधे जड चालूं लागले; आणि यानांत परतल्यावर हॅरिसन श्मिट यांचें नाक त्या धुळीनें चोंदून गेलें. आतां तशीच कृत्रिम धूळ तयार करून नव्या हातमोज्यांची व सांध्यांची परीक्षा तींत घेतात.