संध्याकाळच्या पाळीतील दुकान कामगारांची सुरक्षितता

संध्याकाळच्या पाळीतील दुकान कामगारांची सुरक्षितता हा कामगार कायदा, गुन्हे प्रतिबंध आणि नगररचना या तिन्ही क्षेत्रांशी संबंधित विषय आहे. किराणा दुकाने, औषधांची दुकाने, कापड व सराफी पेढ्या, मॉल, बेकरी आणि भ्रमणध्वनी विक्री केंद्रे यांत दुपारनंतर कामावर येऊन दुकान बंद होईपर्यंत थांबणाऱ्या कामगारांना लूटमार, ग्राहकांकडून होणारी दमदाटी, लैंगिक छळ आणि घरी परततानाचे धोके यांना तोंड द्यावे लागते. महाराष्ट्रात या कामगारांच्या रात्रीच्या कामाचे नियमन प्रामुख्याने ‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७’ या कायद्याने होते. मात्र या कायद्याचे संरक्षण आस्थापनेतील कामगारांच्या संख्येवर आणि घड्याळातील ठराविक वेळेवर अवलंबून असल्याने लहान दुकानांतील कामगारांचा मोठा वर्ग त्याच्या कक्षेबाहेर राहतो. नागपूरच्या मनीषनगरसारख्या निवासी वस्तीतील बाजारपेठेत ही स्थिती स्पष्टपणे दिसते.

## संध्याकाळच्या कामाचे स्वरूप

किरकोळ व्यापारात संध्याकाळ हा सर्वाधिक विक्रीचा काळ असतो. नोकरदार ग्राहक घरी परततानाच खरेदी करतात. विदर्भात याला हवामानाचीही जोड मिळते. उन्हाळ्यात नागपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, त्यामुळे दुपारी रस्ते ओस पडतात आणि दिवसभराचा व्यवहार सूर्यास्तानंतरच्या काही तासांत एकवटतो. हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळत असल्याने संध्याकाळच्या पाळीचे जवळजवळ सर्व काम अंधारात होते.

मोठ्या दालनांत पाळ्या ठरलेल्या असतात. लहान दुकानांत स्वतंत्र पाळी क्वचितच असते. तेथे सकाळी शटर उघडणारा कामगारच अनेकदा रात्री ते बंद करतो. दिवसभराच्या थकव्यानंतर हिशोब जुळवणे, गल्ला मोजणे, माल आत घेणे आणि कुलपे लावणे ही जबाबदारीची कामे त्याच्याकडे येतात.

## धोक्यांचे प्रकार

### रोकड आणि लूटमार

दुकान बंद होण्याची वेळ लुटारूंच्या दृष्टीने सोयीची असते. गल्ल्यात दिवसभराची रक्कम जमलेली असते, ग्राहक पांगलेले असतात आणि शटर अर्धवट ओढलेले असल्याने आत काय चालले आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. दुकानातून रोकड घेऊन निघालेला कामगार रोज एकाच वेळी आणि एकाच रस्त्याने जात असेल, तर त्याच्यावर पाळत ठेवणे सोपे होते. एप्रिल २०१६ मध्ये युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस (यूपीआय) सुरू झाल्यानंतर काउंटरवरील रोकड कमी होऊ लागली. त्याचबरोबर पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवणे आणि त्यावरून होणारे वाद हा नवा त्रास कामगारांच्या वाट्याला आला.

### ग्राहकांशी होणारे वाद

उधारी नाकारणे, माल परत घेण्यास नकार देणे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध न देणे किंवा बंद होण्याच्या वेळी आलेल्या ग्राहकाला परत पाठवणे यांवरून वाद उद्भवतात. मालकाने घालून दिलेला नियम ग्राहकाला सांगण्याचे काम कामगाराकडे असते. मालक दुकानात नसेल तर ग्राहकाच्या रागाचा रोख त्याच्यावरच वळतो.

### लैंगिक छळ

महिला कामगारांना ग्राहक, पुरवठादार, सहकारी किंवा मालक यांच्याकडून अश्लील शेरेबाजी, नको असलेला स्पर्श आणि पाठलाग असे प्रकार सहन करावे लागू शकतात. दुकान सर्वांसाठी खुले असल्याने त्रास देणारी व्यक्ती ग्राहक म्हणून पुन्हा पुन्हा येऊ शकते. कामगार कधी सुटते, याचीही तिला माहिती होते.

### घरी परतीचा प्रवास

कामाची जागा सुरक्षित असली तरी तेथून घरापर्यंतचा प्रवास असुरक्षित असू शकतो. रात्री बसगाड्यांची संख्या घटते, सामायिक ऑटोरिक्षा मिळेनाशा होतात आणि वस्तीतील आतल्या रस्त्यांवर वर्दळ उरत नाही. वाहनाची सोय झाली म्हणजे धोका संपतो असेही नाही. २००७ मध्ये पुण्यात बीपीओमधील एका महिला कर्मचाऱ्यावर तिला कामावर नेणाऱ्या वाहनाच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला होता. रात्रपाळीच्या वाहतुकीत चालकाची पूर्वपडताळणी आणि वाहनावरील देखरेख का आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

## मनीषनगरमधील परिस्थिती

मनीषनगर ही नागपूरच्या दक्षिण भागातील, वर्धा मार्गाच्या पूर्वेची निवासी वस्ती आहे. सदनिका आणि लेआउट वाढत गेले, तशी मुख्य रस्त्यालगत ‘डेली नीड्स’ची दुकाने, औषधालये, उपाहारगृहे आणि कपड्यांची दालने उभी राहिली. पुढे बेसा आणि बेलतरोडी या भागांपर्यंत वस्ती पसरली असून या पट्ट्यातील मोठा भाग बेलतरोडी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो.

वस्ती आणि वर्धा मार्ग यांच्यामध्ये नागपूर-वर्धा लोहमार्ग आहे. अनेक वर्षे येथील रहदारी रेल्वे फाटकावर अडकून पडत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये वर्धा मार्गावरील दुमजली उड्डाणपुलासोबत मनीषनगरचा रेल्वे उड्डाणपूलही खुला झाला आणि वाहनांची सोय झाली. पायी जाणाऱ्यांसाठी मात्र पुलाखालील जागा, भुयारी मार्ग आणि लोहमार्गालगतचा भाग यांतील प्रकाशव्यवस्था महत्त्वाची ठरते. सर्वांत जवळचे मेट्रो स्थानक, उज्ज्वलनगर, लोहमार्गाच्या पलीकडे वर्धा मार्गावर आहे. त्यामुळे मेट्रोने परतणाऱ्या कामगाराला आधी हे अंतर कापावे लागते. मेट्रोची सेवा रात्री दहाच्या सुमारास थांबते. दुकान साडेनऊ-दहाला बंद करून हिशोब आटोपणाऱ्या कामगाराची शेवटची गाडी चुकण्याची शक्यता राहते.

निवासी वस्तीतील बाजाराचे आणखी एक वैशिष्ट्य असते. सीताबर्डीसारख्या मध्यवर्ती बाजारपेठेत शेजारची दुकाने साधारण एकाच वेळी बंद होतात आणि कामगार घोळक्याने बाहेर पडतात. वस्तीतील औषधालय किंवा डेली नीड्सचे दुकान आजूबाजूचे गाळे बंद झाल्यावरही सुरू राहते. अशा वेळी आतील कामगार एकटा पडतो.

## कायदेशीर तरतुदी

### दुकाने व आस्थापना कायदा

दुकानांतील कामाच्या वेळांचे नियमन करणारा भारतातील पहिला कायदा मुंबई प्रांतात १९३९ मध्ये संमत झाला. त्याची जागा ‘मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८’ या कायद्याने घेतली. सर्वसामान्य व्यवहारात ‘गुमास्ता’ हा शब्द याच कायद्याखालील नोंदणीसाठी रूढ झाला. १९४८ च्या कायद्यात कामगारांच्या किमान संख्येची अट नव्हती. एक नोकर असलेले दुकानही त्याच्या कक्षेत येत असे. दुकान बंद करण्याच्या वेळेवरही त्यात मर्यादा होती.

१९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने आस्थापना आठवड्याचे सातही दिवस सुरू ठेवण्यास मुभा दिली. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आणि दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा त्यात होती. कलम १३ नुसार महिला कामगारांच्या कामाची वेळ सकाळी ७ ते रात्री ९.३० अशी आहे. त्यानंतर काम करून घ्यायचे असल्यास महिलेची संमती लागते. तिची प्रतिष्ठा व सुरक्षितता जपणे, लैंगिक छळापासून संरक्षण देणे आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्यासाठी वाहनाची सोय करणे ही मालकाची जबाबदारी ठरते.

या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होत्या. त्याहून लहान दुकानांना नोंदणीऐवजी व्यवसायाची सूचना देणे पुरेसे ठरले. त्यामुळे चार-पाच कामगारांच्या दुकानातील महिलेला रात्री साडेनऊनंतर थांबवले, तरी या कायद्यानुसार वाहन देण्याचे बंधन मालकावर येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या दहावरून वीसवर नेण्यास आणि दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. या बदलामुळे कायद्याबाहेर राहणाऱ्या दुकानांची व्याप्ती वाढते.

वेळेच्या मर्यादेचाही प्रश्न आहे. रात्री ९.२५ ला सुटणारी कामगार आणि ९.३५ ला सुटणारी कामगार एकाच अंधाऱ्या रस्त्याने घरी जातात, परंतु वाहनाचा हक्क दुसरीलाच मिळतो. पुरुष कामगारांना तर घरी पोहोचवण्याची तरतूद या कायद्यात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ या केंद्रीय कायद्यात महिलांच्या संमतीची अट संध्याकाळी ७ नंतरच्या कामाला जोडलेली आहे.

### लैंगिक छळविरोधी कायदा

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. हा कायदा लहान दुकानांनाही लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास मालकाने अंतर्गत समिती नेमायची असते. त्याहून लहान दुकानातील महिला, तसेच खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असलेली महिला, जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे दाद मागू शकते. तक्रार सर्वसाधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासून संरक्षण देणे हेही मालकाचे कर्तव्य असल्याने ग्राहकाच्या वर्तनाकडे त्याला दुर्लक्ष करता येत नाही. मालकाने पुरवलेले वाहनही ‘कामाचे ठिकाण’ मानले जाते.

### फौजदारी कायदा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जबरी चोरी, दरोडा, महिलेचा विनयभंग, लैंगिक छळ आणि पाठलाग हे गुन्हे आहेत. वस्तू हिसकावून पळणे हा त्यात स्वतंत्र गुन्हा ठरवण्यात आला. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात महामार्गावर केलेल्या जबरी चोरीसाठी १४ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. घटना कोणत्या हद्दीत घडली याची वाट न पाहता कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ही पद्धत ‘झिरो एफआयआर’ म्हणून ओळखली जाते.

### रकमेची वसुली आणि नुकसानभरपाई

लुटली गेलेली रक्कम पगारातून कापली जाईल या भीतीने कामगार लुटारूंना विरोध करतो आणि जीव धोक्यात घालतो. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ नुसार सोपवलेल्या मालाचे किंवा रकमेचे नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे थेट झाले असेल तरच कपात करता येत असे आणि त्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागे. वेतन संहिता, २०१९ मध्येही हेच तत्त्व कायम आहे. शस्त्राच्या धाकाने झालेली लूट ही स्वतःहून कामगाराची कसूर ठरत नाही.

कामाच्या ओघात झालेल्या दुखापतीबद्दल भरपाई मिळू शकते. घरी परततानाच्या अपघाताबाबत मात्र दीर्घकाळ संदिग्धता होती. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याचा २००३ मध्ये पहाटे ३ च्या पाळीसाठी जाताना अपघाती मृत्यू झाला होता. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निकाल दिला. अपघाताची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास जाण्या-येण्यातील अपघातही नोकरीच्या ओघातला मानता येतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही अशी तरतूद आहे.

## प्रतिबंधक उपाय

दुकानांतील लूटमार रोखण्याचे उपाय बहुतांशी कमी खर्चाचे आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात किरकोळ दुकानांवर झालेल्या प्रयोगात गल्ल्यातील रोकड मर्यादित ठेवणे, खिडक्यांवरील जाहिराती काढून आतील भाग रस्त्यावरून दिसेल असा ठेवणे आणि प्रकाश वाढवणे यांवर भर होता. पुढील काळातील शिफारशींचा पाया याच उपायांनी घातला. सर्वसाधारणपणे पुढील उपाय सुचवले जातात :

* बंद करण्याच्या वेळी किमान दोन व्यक्ती दुकानात असणे.
* रोकड दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा बँकेत भरणे, वेळ व रस्ता बदलणे आणि हे काम शक्यतो मालकाने स्वतः करणे.
* शटर पूर्ण बंद करून किंवा मालक उपस्थित असताना हिशोब करणे.
* काउंटर आणि प्रवेशद्वार दोन्ही दिसतील असे सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे व त्यांचे चित्रण जपून ठेवणे.
* लुटीच्या प्रसंगी विरोध न करण्याची स्पष्ट सूचना आणि रक्कम पगारातून न कापण्याची लेखी हमी देणे.
* शेजारच्या दुकानांनी बंद करण्याची वेळ आपसांत ठरवून कामगारांना एकत्र बाहेर पडू देणे.

यांपैकी शेवटचा उपाय लहान दुकानांना विशेष उपयोगी आहे. चार कामगारांच्या दुकानाला स्वतंत्र वाहन परवडत नाही, परंतु एका रांगेतील दुकाने मिळून एक ऑटोरिक्षा ठरवू शकतात.

## पोलीस व आपत्कालीन सेवा

महाराष्ट्रात २०२१ पासून ११२ हा एकात्मिक आपत्कालीन क्रमांक कार्यरत आहे. महिलांसाठी १८१ आणि १०९१ हे मदत क्रमांक आहेत, तर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० वर करता येते. नागपूर पोलिसांनी डिसेंबर २०१९ मध्ये रात्री ९ ते पहाटे ५ या वेळेत अडकलेल्या महिलांना विनामूल्य घरी पोहोचवण्याची ‘होम ड्रॉप’ सेवा सुरू केली. आस्थापनेचा आकार किंवा नोकरीचे स्वरूप यांची अट नसल्याने दुकाने कायद्याबाहेरील महिला कामगारांनाही ती खुली होती. शहरातील सुमारे ७०० चौकांत साडेतीन हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्यात आले आहे. चौकापासून आत असलेल्या लेआउटमधील रस्त्यांवर मात्र पथदिवे आणि दुकानांचे स्वतःचे कॅमेरे यांवरच भिस्त असते.

## इतर देशांतील तरतुदी

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा प्रशासनाने १९९८ मध्ये रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानांतील हिंसाचार रोखण्यासाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. स्कॉटलंडमध्ये २०२१ च्या कायद्याने दुकान कामगारावर हल्ला करणे, त्याला धमकावणे किंवा शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० जून २०२१ मध्ये अमलात आला. कामाच्या जागेबरोबरच घर ते काम हा प्रवासही त्याच्या कक्षेत येतो. त्यासोबतच्या शिफारशीत रात्रीचे काम आणि एकट्याने करावे लागणारे काम यांचा विशेष उल्लेख आहे. भारताने २०२५ पर्यंत या कराराला अनुसमर्थन दिलेले नव्हते.