‘टन’ या संज्ञेचा अर्थ आणि तिची मर्यादा

प्रशीतनशास्त्रातील संज्ञांपैकी ‘टन’ ही अत्यंत रूढ, आणि तितकाच गैरसमज उत्पन्न करणारी संज्ञा होय. ‘दीड टनाचे यंत्र’ असे म्हटले असता यंत्राचे वजन अभिप्रेत नसते. त्यास लागणारी वीजही नव्हे. यंत्र ज्या वेगाने खोलीतील उष्णता बाहेर काढते, तो वेग या संज्ञेने दर्शविला जातो.

संज्ञेचे मूळ बर्फाच्या व्यापारात आहे. प्रशीतनयंत्रे प्रचारात येण्यापूर्वी शीतलता बर्फाच्या वजनावर विकली जाई. अमेरिकेतील तळ्यांवरचा बर्फ १८३३ साली बॉस्टनहून जहाजाने कलकत्त्यास आला होता. पुढे यंत्रांचे सामर्थ्यही याच मापाने मोजले जाऊ लागले. एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता २४ तासांत काढून घेणारे यंत्र एक टनाचे ठरले. हा टन अमेरिकी, म्हणजे २,००० पौंडांचा. एक पौंड बर्फ वितळण्यास १४४ ब्रिटिश उष्णता-एकके लागतात. त्यावरून दिवसास २,८८,००० व तासास १२,००० एकके, म्हणजेच सुमारे ३.५२ किलोवॅट, हे मूल्य येते. १,००० किलोग्रॅमचा टन धरल्यास तेच सुमारे ३.८७ किलोवॅट होते. सबब गणितात कोणता टन घेतला, हे स्पष्ट असावयास हवे.

तथापि, किती उष्णता काढली एवढेच हा आकडा सांगतो. ती कोणत्या प्रकारची, हे सांगत नाही. हवेचे तापमान उतरविण्यासाठी काढावी लागते ती संवेद्य उष्णता; हवेतील बाष्पाचे पाणी होताना बाहेर पडते ती सुप्त उष्णता. एक किलोग्रॅम बाष्पामागे ही दुसरी उष्णता सुमारे २,४५० किलोज्यूल भरते. नागपूरच्या वैशाखात हवा कोरडी असल्याने यंत्रावरील भार मुख्यतः संवेद्य असतो. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडल्याने तेथे गारवा मिळतो तो याच कारणाने. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र सुप्त उष्णतेचा वाटा मोठा असतो. अशा ठिकाणी केवळ अधिक टनांचे यंत्र बसविल्यास खोलीचे तापमान त्वरित उतरते, यंत्र थांबते आणि ओलावा पुरेसा निघत नाही. खोली थंड होते, पण दमट राहते.

आर्द्रतेचे हे महत्त्व ‘वातानुकूलन’ या कल्पनेत आरंभापासूनच आहे. स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकी अभियंत्याने १९०६ साली मूळ इंग्रजी संज्ञा योजिली, ती कापडगिरण्यांतील हवेच्या आर्द्रतेचे नियमन करण्याच्या संदर्भात. वातानुकूलन म्हणजे निव्वळ शीतन नव्हे. म्हणून यंत्राची निवड करताना टनांच्या आकड्याबरोबरच संवेद्य उष्णतेचे एकूण उष्णतेशी असलेले प्रमाणही नमूद करणे आवश्यक आहे. त्यावाचून तो आकडा अपुराच राहतो.